दिवाळे

‘दिवाळी’ आणि ‘दिवाळे’ ह्या दोन शब्दांत अंतर अवघ्या एका मात्रेचे आहे. पूर्वी पेढी बुडाली म्हणजे पेढीवाला भर दिवसा दारात दिवा लावून बसे, व त्यावरून हा शब्द पडला, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, कल्पनेत मोठे शहाणपण आहे. तो दिवा धनकोंस सांगे : होते तेवढे हे, वाटून घ्या, ह्यापुढे मात्र माझ्या पाठीस लागू नका. म्हणजे दिवाळे ही कर्जाची अखेर होय. आपण मात्र तिला माणसाची अखेर समजत आलो.

कर्जाला कोठेतरी शेवट असला पाहिजे, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. व्याजाची बाकी मुद्दलाच्या वर जाऊ द्यावयाची नाही, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्रातला आहे. खोपोलीहून बोरघाट चढून गेले की लोणावळ्याच्या बाजूस इंद्रायणीचा उगम लागतो; त्याच नदीत पुढे देहूस तुकोबांनी आपल्या वाट्याची खते सोडून दिली, असे परंपरा सांगते. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, ती निराळ्या वृत्तीने. पण त्या दंग्यातूनच १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा निघाला, व कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात घालणे बंद झाले. पुढे १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने पाचशे रुपये देणे असलेल्या सामान्य माणसासही न्यायालयात नादारीचा अर्ज करता येऊ लागला. जप्तीच्या कायद्यातही स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीच्या अंगावरून उतरू नये असा दागिना वगळलेला आहे. धनकोचा हात कोठवर पोहोचावा, हे मंगळसूत्रापाशी थांबून ठरविणारा कायदा अगदीच निर्दय म्हणता येणार नाही.

कायद्यात दया आली तरी लोकांच्या मनात ती येतेच असे नाही. खालापूर तालुक्यात चौक येथे कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेला स्टुडिओ सर्वांस ठाऊक आहे. त्या कंपनीकडे सुमारे २५२ कोटी रुपयांचे देणे थकले, तेव्हा २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने २५ जुलै २०२३ रोजी कारवाईची आज्ञा दिली. १ ऑगस्टला अपील फेटाळले गेले, आणि २ ऑगस्टला देसाई यांनी स्टुडिओतच आपले जीवन संपविले. त्यांच्या मनात काय होते, हे सांगण्याचा अधिकार परक्यास नाही. कंपनीची नादारी म्हणजे माणसाची बेअब्रू नव्हे, हे मात्र आपल्या समाजाच्या गळी अद्याप उतरलेले नाही, एवढेच म्हणावेसे वाटते.

तरीही त्या २५२ कोटींस न्यायाधिकरण होते, तारखा होत्या, वकील होते, अपील होते. त्याच तालुक्यात आणि शेजारच्या कर्जतमध्ये एक कर्ज असे आहे की ज्याच्या वाट्याला ह्यांतील काहीच येत नाही. कातकरी वाडीवर पावसाळ्यात दाणे सरतात, दुखणे येते, लग्न निघते. मग वीटभट्टीवाल्याकडून ‘उचल’ घेतली जाते. दिवाळीनंतर बिऱ्हाड भट्टीवर जाते. आठवड्याच्या खर्चीवर पोट भरावयाचे आणि हजार विटांमागे ठरलेल्या मजुरीतून उचल फेडावयाची. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. पण वही शेठची, आकडे शेठचे, आणि अक्षरओळखही पुष्कळदा शेठचीच. बाकी निघाली की ती पुढच्या हंगामाच्या पायात अडकते. सर्वच भट्ट्यांवर असे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु जेथे होते तेथे ह्या कर्जाला शेवट नसतो. कर्जत ह्या नावात ‘कर्ज’ आहे तो केवळ योगायोग. ह्या हिशेबातली बाकी मात्र योगायोगाची नव्हे.

२०१६ च्या संहितेत अशा माणसाचा विचार झालाच नाही असे नाही. ज्याचे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांहून, मालमत्ता २०,००० हून आणि कर्ज ३५,००० हून अधिक नाही, व ज्याला स्वतःचे घर नाही, त्याला कर्जमुक्त होऊन ‘नवा आरंभ’ करता यावा, असे एक प्रकरण तीत लिहिलेले आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून व्यक्तींसंबंधीचा भाग लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जास हमी राहिलेल्यांपुरताच. गरिबाच्या नव्या आरंभाचे प्रकरण तेव्हा पुस्तकातच राहिले.

दुसरा एक दरवाजा मात्र त्याहून जुना आहे. उचलीपायी ज्याला दुसरीकडे कामास जाण्याची मोकळीक उरत नाही, किंवा किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागते, तो वेठबिगार होय. आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशा माणसाचे कर्ज २५ ऑक्टोबर १९७५ पासून रद्द ठरविले आहे. ह्या कायद्याचे एक कलम मला फार मोलाचे वाटते. हे कर्ज वेठीचे आहे असे मजुराने म्हटले, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर पडते. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याच्या कागद नसण्याचीच येथे ढाल झालेली आहे.

मग अडते कोठे? ‘उचल घेतली, ती फेडलीच पाहिजे,’ असे त्या कातकऱ्यास मनापासून वाटते. तो प्रामाणिक आहे, आणि त्याच्या प्रामाणिकपणावरच ही बाकी वाढते. त्याला कोणीतरी सांगावयास हवे की, बाबा, तुझे देणे कायद्यानेच फिटले आहे. हे सांगण्याकरिता कायद्याने प्रत्येक जिल्ह्यास व उपविभागास एक दक्षता समिती नेमून दिली आहे. तीत अधिकाऱ्यांबरोबर त्याच भागात राहणारे अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य आणि दोन समाजसेवक असावेत, असे लिहिले आहे. कर्जत-खालापुरात आपल्यापैकी कित्येकांनी सुट्टीची घरे बांधली. त्यांच्या भिंतींच्या विटा कोणीतरी थापल्याच असतील. त्या समितीतल्या दोन खुर्च्या कायद्याने आपल्यासारख्यांसाठीच राखल्या आहेत. त्यांवर बसावयास कोण जातो, एवढाच प्रश्न उरतो.