निळा धूर

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. मोबाईलवर तिचे फोटो बघता बघता मी बाबांना फोन केला. "आपलीही भंगारात देऊन टाका ना. शेड तरी मोकळी होईल."

ते काहीच बोलले नाहीत. ते गप्प बसणं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आमची प्रीमियर पद्मिनी साताऱ्याच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये 2015 पासून उभी होती. "दमली आता ती," एवढंच बाबा तेव्हा म्हणाले होते. मी शिकायला पुण्याला आलो आणि तो विषय संपला.

पुढच्या दिवाळीला मी नवी बॅटरी घेऊनच घरी गेलो. बंद पडलेलं काहीही आधी रीस्टार्ट करून बघायचं, ही माझ्या कामातली सवय. किल्ली फिरवणार तेवढ्यात बाबांनी हात धरला. "आत गंज असेल तर इंजिन जाम होईल. आधी हातानं फिरवू."

चारही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी बाबांनी पुलीच्या नटाला पाना लावला. 1089 सीसीचं ते इंजिन जरा अडलं, मग फिरलं. टाकीतलं आंबूस वासाचं पेट्रोल काढून टाकलं. कार्बोरेटरचे जेट चिकटले होते, ते साफ केले. तडकलेल्या रबरी नळ्या आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या. पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवून त्यांच्यातली फट बाबांनी फीलर गेजनं मोजली. त्यांचा हात कुठेही अडखळत नव्हता. ब्रेकचं काम बाकी होतं, म्हणून गाडी जागची हलवायची नाही असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी शेडचं दार सताड उघडून चोक ओढला, स्टार्टर मारला. चौथ्या वेळी ती सुरू झाली. मागून भसाभस निळा धूर.

"आपण सोडलेलं ऑइल जळतंय," मी म्हणालो.

बाबा थांबले. दहा मिनिटांनीही धूर निळाच होता.

"रिंगा गेल्यात," ते म्हणाले. "तेव्हाच गेल्या होत्या. बोअरिंगला द्यायची होती."

"मग दिली का नाही?"

"तुझी पहिल्या वर्षाची फी होती ना."

रिटायर होईपर्यंत ते एसटीनं कामावर गेले. मला वाटायचं, त्यांना आता गाडी चालवायचा कंटाळा आलाय.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं खर्चाचा कागद लिहून दिला. बाबांनी तो वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "बघू."

मी तो त्यांच्या खिशातून काढून घेतला.