सगळ्यात भारी कार्ड कुठलं?

महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न माझ्या डेस्कपाशी येतो. नवीन जॉइन झालेली पोरं तर पहिला पगार झाला की तिसऱ्या दिवशी विचारतात. प्रत्येकाला उत्तर म्हणून एका कार्डाचं नाव हवं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे, "तुझा खर्च सांग, मग कार्ड सांगतो." यावर समोरचा असा चेहरा करतो, जणू मी त्याला पगाराची स्लिप मागितली.

पण खरंच, याला दुसरं उत्तर नाही. चपलांच्या दुकानात जाऊन आपण "सगळ्यात भारी चप्पल द्या" असं म्हणत नाही, आधी पाय पुढे करतो. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मात्र आधी चप्पल घेतो आणि मग पाय त्यात कोंबत बसतो. पाच टक्के कॅशबॅक आहे ना, मग करा ऑनलाइन खरेदी!

तर आज जरा सविस्तर लिहितो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक पाठवून मोकळा :-)

आधी हे पैसे येतात कुठून ते बघू. बँक काही दानधर्म करत नाही. आपण दुकानात कार्ड वापरलं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. शंभर रुपयांतले साधारण दीड-दोन रुपये कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्यातलाच काही भाग ती आपल्याला परत देते, तोच कॅशबॅक. ही कल्पना लोकप्रिय केली अमेरिकेत डिस्कव्हर कार्डाने, १९८६ च्या सुमारास. त्याआधी कार्ड वापरल्याबद्दल उलट आपल्यालाच पैसे मिळावेत हे कुणाच्या डोक्यात फारसं नव्हतं.

पण दोन रुपये कमावणारी बँक पाच रुपये परत कशी देते? इथे खरी गंमत आहे. काही पैसे ज्या अ‍ॅपचं नाव कार्डावर छापलेलं असतं ते अ‍ॅप देतं, गिऱ्हाईक बांधून ठेवायला. काही पैसे वाचतात ते अटींमुळे, कारण खर्चाचा बराच भाग पाच टक्क्यांत बसतच नाही. आणि उरलेले देतात ते लोक, जे बिल पूर्ण भरत नाहीत. म्हणजे तुमच्या कॅशबॅकमधे कुणाच्या तरी व्याजाचा वाटा आहे. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० मधे अमेरिकेपुरता असाच एक हिशोब मांडला होता. दुकानदार कार्डाचा खर्च सगळ्यांच्याच किमतीत मिळवतो, त्यामुळे रोखीनं खर्च करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर गमावतं आणि कार्ड वापरणारं कुटुंब १,१३३ डॉलर मिळवतं, असं त्यांचं गणित होतं. फुकट काहीच नसतं, बिल दुसऱ्या टेबलावर गेलेलं असतं एवढंच.

असो. आता आपल्या टेबलाकडे येऊ.

एक घर धरा. पुण्यात वाकडला भाड्यानं राहणारं जोडपं, दोघंही नोकरीला. महिन्याचा खर्च ६०,०००. त्यातले २४,००० घरभाडं. ५,००० कामवाल्या मावशी, इस्त्री, पेपर वगैरे. पेट्रोल ४,०००. वीज, गॅस, मोबाईल, इंटरनेट मिळून ४,०००. किराणा-भाजी-दूध ११,०००, त्यातले ५,००० अ‍ॅपवरून आणि ६,००० कोपऱ्यावरच्या दुकानात क्यूआर स्कॅन करून. घरपोच जेवण ३,५००, हॉटेलात जाऊन २,५००. आणि ऑनलाइन खरेदी ६,०००.

जाहिरात वाचून हा माणूस मनात काय हिशोब करतो? साठ हजाराचे पाच टक्के, म्हणजे महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार. गोव्याची ट्रिप निघाली!

आता एक-एक वजा करत जा. भाडं बहुतेक कॅशबॅक कार्डांवर वगळलेलं असतं. मावशींना आपण कार्ड स्वाइप करून पगार देत नाही. पेट्रोलवर सहसा कॅशबॅक नसतो. तिथे मिळते ती एक टक्का सरचार्जची माफी, म्हणजे लावलेला दंड परत, ती काही कमाई नव्हे. कोपऱ्यावरच्या दुकानात स्वाइप मशीनच नाही, तेही ६,००० गेले. उरले किती? २१,०००. साठ हजारातला जेमतेम एक तृतीयांश खर्च कार्डाच्या कामाचा निघाला.

म्हणून माझं पहिलं सांगणं, कार्डाच्या साइटवर जाण्याआधी स्वतःच्या बँकेची तीन महिन्यांची स्टेटमेंट उतरवून घ्या आणि एक्सेलमधे टाका. कॉलम दोनच, कुठे खर्च झाला आणि कसा दिला. शनिवारचा एक तास जातो. आपण महिन्याला काय खातो आणि काय उडवतो हे पहिल्यांदाच नीट दिसतं, तो बोनस.

आता तीन कार्डं घेऊ. नावं देत नाही, कारण अटी सारख्या बदलतात. पण बाजारातली बहुतेक कार्डं या तीन प्रकारांत बसतात. 'क' सरळमार्गी, सगळ्यावर दीड टक्का, फी नाही. 'ख' ऑनलाइनवाला, ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात १ टक्का, बिलांवर काही नाही, वर्षाची फी ९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९. 'ग' एका जेवणाच्या अ‍ॅपचं कार्ड, त्या अ‍ॅपवर १० टक्के, बाकी सगळीकडे १ टक्का, फी ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९०.

वाकडच्या जोडप्याला 'क' देतं महिन्याला ३१५, वर्षाचे ३,७८०. 'ख' वर ऑनलाइन खर्च होतो १४,५००, त्याचे ७२५, हॉटेलचे २५, एकूण ७५०. वर्षाचे ९,०००, फी वजा जाता ७,८२१. 'ग' वर जेवणाचे ३५० आणि बाकीचे १७५, म्हणजे ५२५. वर्षाचे ६,३००, फी वजा जाता ५,७१०. दहा टक्क्यांचा आकडा सगळ्यात मोठा, तरी जिंकला 'ख'.

आता हीच तीन कार्डं सांगलीत राहणाऱ्या, नुकत्याच रिटायर झालेल्या एखाद्या काकांना द्या. किराणा, औषधं, कपडे सगळं ओळखीच्या दुकानांतून, मशीनवर महिन्याला १४,००० आणि ऑनलाइन जेमतेम १,०००. 'ख' त्यांना वर्षाला २,२८० देईल, त्यातून फी गेली की उरले १,१०१. 'क' देईल २,७००. 'ग' चा तर विचारच नको, काकूंच्या हातचं सोडून काका घरपोच जेवण मागवतील कशाला! म्हणजे वाकडला जे भारी, ते सांगलीत फालतू. कार्ड तेच, पाय वेगळा.

आता थोडं बारीक अक्षरांबद्दल. यात तीन ठिकाणी लोक अडकतात.

पहिलं, दुकानाचा कोड. प्रत्येक दुकानाला कार्ड नेटवर्कमधे चार आकडी क्रमांक असतो. किराणा ५४११, पेट्रोल पंप ५५४१, रेस्टॉरंट ५८१२, वीज-पाणी-गॅसची बिलं ४९००, वॉलेटमधे पैसे भरणं ६५४०. तुम्ही काय विकत घेतलं हे बँकेला कळत नाही, दुकानाचा कोड कळतो. मॉलमधल्या मोठ्या स्टोअरमधून तुम्ही तांदूळ घेतलात, पण त्याचा कोड डिपार्टमेंट स्टोअरचा असेल, तर किराण्याचा कॅशबॅक मिळेलच असं नाही. भांडून उपयोग नाही, सिस्टिमच्या दृष्टीने तुम्ही तांदूळ घेतलेलाच नाही.

दुसरं, कमाल मर्यादा. "५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,०००" याचा अर्थ पहिल्या २०,००० वरच पाच टक्के. चाळीस हजारांचा फ्रिज घेतलात तर दर झाला अडीच टक्के. आणि या मर्यादा पक्क्या नसतात. एसबीआय कार्डने सप्टेंबर २०२२ मधे 'कॅशबॅक' याच नावाचं कार्ड आणलं आणि त्याची बरीच चर्चा झाली. वर्षाच्या आत, १ मे २०२३ पासून, महिन्याची कमाल मर्यादा दहा हजारांवरून पाच हजारांवर आली. यात बेकायदा काही नाही. तेव्हा कार्डाशी लग्न करू नका. वर्षातून एकदा हिशोब पुन्हा मांडा.

तिसरं, राउंडिंग. "दर १५० रुपयांमागे अमुक पॉइंट" असं लिहिलं असेल तर तो इंटिजर डिव्हिजन आहे, राव! २९० रुपयांच्या बिलावर १५० चेच पॉइंट मिळतात, उरलेले १४० हवेत. छोटी-छोटी बिलं करणाऱ्याला हे भारी पडतं. शिवाय पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत, एका पॉइंटचे २५ पैसे की एक रुपया ते आधी बघा. सगळ्यात स्वच्छ कॅशबॅक तोच, जो पुढच्या बिलातून आपोआप वजा होतो.

कोपऱ्यावरच्या दुकानाचे ६,००० राहिले, त्यांना एक वाट आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. दुकानदाराच्या क्यूआरवर ते चालतं, मित्राला पैसे पाठवायला नाही. ज्यांचा बराचसा खर्च स्कॅन करूनच होतो, त्यांनी रुपे कार्डावर काय मिळतं हे नक्की बघावं. फक्त यूपीआय खर्चावर वेगळा, कमी दर किंवा वेगळी मर्यादा आहे का, तेवढं तपासा.

इथपर्यंत सगळी गणितं झाली. आता गणितात न येणारी गोष्ट.

एमआयटीतल्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मधे एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. अर्ध्यांना सांगितलं रोख द्यावे लागतील, अर्ध्यांना कार्ड. तिकिटं तीच. कार्डवाल्यांच्या बोली सरासरीनं जवळजवळ दुप्पट निघाल्या. दुप्पट! त्यापुढे आपले पाच टक्के म्हणजे किस झाड की पत्ती.

कार्ड बदलल्यावर महिन्याचा खर्च ६०,००० वरून ६२,००० झाला, तर 'ख' चे ७५० मिळवायला तुम्ही २,००० दिलेत. "आणखी ८,००० खर्च करा आणि फी माफ मिळवा" हा मेसेज मार्च महिन्यात येतो तेव्हा हेच आठवा. १,१७९ वाचवायला ८,००० ची नको असलेली वस्तू घेणं याला बचत म्हणत नाहीत.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या टीममधल्या एकाने ५ टक्क्यांसाठी कार्डावर ६०,००० चा लॅपटॉप घेतला. ३,००० कॅशबॅक आला, त्याने आम्हाला वडापाव खिलवला. मग बिल आलं. त्यात ठळक दिसत होतं, किमान देय रक्कम ३,०००. त्याला वाटलं हा हप्ताच आहे. पाच महिने तो तेवढेच भरत राहिला.

ढोबळ हिशोब बघा. ३,००० भरले, उरले ५७,०००. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,९९५. त्यावर जीएसटी ३५९. पुढच्या बिलाला बाकी ५९,३५४. तीन हजार भरून कर्ज कमी झालं ६४६ नी! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते, साधं दूध घेतलं तरी पहिल्या दिवसापासून मीटर चालू. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे "फक्त किमान रक्कम भरलीत तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल" अशा अर्थाची सूचना बिलावर छापावी लागते. त्याच्याही बिलावर होती. पण वाचतो कोण?

एका शनिवारी आम्ही तिघं बसलो. त्याची एक एफडी होती, बाबांनी नोकरी लागल्याबरोबर हट्टानं करायला लावलेली. ती मोडायला त्याचा जीव होत नव्हता. "बाबांना काय सांगू?" एवढंच म्हणत होता. त्याला कागदावर दोनच आकडे लिहून दाखवले. एफडीवर वर्षाला सात टक्के मिळतात, कार्डावर वर्षाला बेचाळीस जातात. सोमवारी त्याने एफडी मोडून सगळं फेडलं. बाबांना फोन करून सांगितलंही. ते रागावले नाहीत म्हणे, फक्त विचारलं, "आता पूर्ण फिटलं ना?"

कार्डांचे सगळे तक्ते एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे. दर महिन्याला बिल आलं की त्याचं उत्तर "हो" असेल, तरच कॅशबॅक कार्डाच्या भानगडीत पडा. मग ऑटो-डेबिट लावताना 'किमान रक्कम' नाही, 'पूर्ण रक्कम' हा पर्याय निवडा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी असतात. आणि उत्तर "बघू", "बहुतेक" असं येत असेल, तर डेबिट कार्ड आणि यूपीआय काही वाईट नाहीत. पाच टक्के मिळणार नाहीत, पण बेचाळीसही जाणार नाहीत.

घेतलेलं कार्ड नकोसं झालं तर बंद करा, लाजू नका. सगळी बाकी भरलेली असेल, तर तुम्ही सांगितल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत बँकेने ते बंद करायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतील, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कॅशबॅकपेक्षा बरा दर आहे हा!

चला, आता स्टेटमेंट उतरवा. रविवार अजून शिल्लक आहे.