पहिल्या पानाची साक्ष

उत्तरपत्रिका तपासण्यांत माझें निम्में आयुष्य गेलें. परंतु परीक्षेचीच परीक्षा घेण्याचा प्रसंग प्राध्यापकाच्या वांट्यास क्वचितच येतो. तो गेल्या महिन्यांत आला. माझा एक जुना विद्यार्थी लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेवर काम करतो. त्यानें चाळीसएक ओळींची एक चांचणी लिहिली होती, आणि ती पुढें पाठविण्यापूर्वीं मीं वाचावी अशी त्याची इच्छा होती.

अशा चांचणीस त्या मंडळींत ‘रिग्रेशन टेस्ट’ म्हणतात. एकदां दुरुस्त केलेला दोष पुढच्या फेरफारांत कोणाच्या नकळत परत येऊं नये, म्हणून दाराशीं बसविलेला हा पहारेकरी. सिलिकन ग्राफिक्स या कंपनींत एक्सएफएस नांवाच्या फाइल-व्यवस्थेसाठीं सुरू झालेला अशा चांचण्यांचा एक मोठा संग्रह आहे; आज इतर फाइल-व्यवस्थांचे कर्तेही तोच वापरतात.

प्रस्तुत दोष मोठ्या फाइलींचा होता. ३२ बिटांत ४२९४९६७२९५ पर्यंतच मोजतां येतें. त्यांतला एक बिट उणें-अधिक चिन्हासाठीं राखला तर २१४७४८३६४७ पर्यंत. पूर्वीं अनेक युनिक्स यंत्रांवर फाइलीची मर्यादा ही दुसरी, म्हणजे दोन गिगाबाइटांची, होती. १९९६ सालीं ‘लार्ज फाइल समिट’मध्यें निरनिराळ्या कंपन्यांच्या लोकांनीं ६४ बिटांच्या मोजमापाचे नियम ठरविले. येथें प्रश्न मिटला असें वाटेल. पण प्रोग्रॅमच्या एखाद्या कोपऱ्यांत कोणीतरी अजूनही मोठी संख्या ३२ बिटांच्या जुन्या पेटींत ठेवतो. फाइल ४०९६ बाइटांच्या पानांत विभागलेली असते व पानांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. क्रमांक १०४८५७६ ला ४०९६ नें गुणलें कीं उत्तर ४२९४९६७२९६. तें त्या पेटींत मावत नाहीं. वरचा बिट गळून पडतो आणि उरतें शून्य! लेखनिक तें दूरचें पान लिहावयास जातो आणि फाइलीच्या पहिल्याच पानावर लिहून मोकळा होतो. यंत्र थांबत नाहीं, तक्रार उमटत नाहीं. कोणाच्या घरीं वडिलांच्या बोलण्याचें तीन तासांचें चित्रण असेल, तर त्याचा आरंभ नाहींसा झाल्याचें कळेल तें कित्येक वर्षांनीं, ते हयात नसतांना.

विद्यार्थ्याची चांचणी दिसावयास सुबक होती. चार गिगाबाइट खरोखर लिहीत बसण्याऐवजीं त्यानें मध्यें पोकळी सोडलेली फाइल केली होती. तिची लांबी चार गिगाबाइटांवर, डिस्कवर जागा मात्र एखाद्या पानाची. त्या दूरच्या पानावर तो एक खूण लिही, तेथूनच ती वाची, आणि जुळली कीं चांचणी पास.

मीं ती दोनदां वाचली. ज्या चुकीनें लेखनिक पहिल्या पानावर गेला, त्याच चुकीनें वाचणाराही तेथेंच जाणार, आणि खूण जशीच्या तशी सांपडणार! खोट्या साक्षीदारास तोच प्रश्न पुन्हां विचारून काय मिळणार? विचारावयास हवें होतें पहिल्या पानाला.

मीं त्याला फोन केला.

“सर, नव्या कर्नेलवर ती पास होते आहे,” तो म्हणाला.

“आणि जुन्यावर?”

“जुन्यावर चालवून पाहिली नाहीं. दोष कोठें होता तें ठाऊक आहे, सर. दोन ओळींचा बदल आहे, तो मीं स्वतः वाचला आहे.”

त्याचें म्हणणें अगदींच गैरवाजवी नव्हतें. दुरुस्ती खरी होती, मुदत जवळ आली होती, आणि वाट पाहणारे वरिष्ठ होते. परंतु ती चांचणी आजच्या दुरुस्तीसाठीं नव्हतीच. पांच वर्षांनीं कोणी अनोळखी माणूस त्याच दोन ओळी बदलील, त्या दिवसासाठीं ती होती. “एकदां जुन्यावर चालव,” एवढेंच मीं म्हटलें.

रात्रीं त्याचा फोन आला. “सर, जुन्यावरही पास झाली.” पुढें बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं.

मग आम्हीं ती पुन्हां मांडली. आधीं पहिल्या पानावर एक खूण, मग दूरच्या पानावर वेगळी खूण. नंतर डिस्क उतरवून पुन्हां चढवावयाची. कारण नुकतेंच लिहिलेलें पान संगणक स्मृतींत धरून ठेवतो व वाचतांना तेथूनच देतो, आणि डिस्कवर काय घडलें तें कळतच नाहीं. शेवटीं दोन्ही खुणा तपासावयाच्या. जेथें एवढी मोठी फाइल ठेवतांच येत नाहीं, तेथें ‘पास’ न म्हणतां ‘चालविली नाहीं’ असें स्पष्ट म्हणावयाचें. यावर आमचा थोडा वादही झाला. त्याच्या मतें हा केवळ शब्दांचा कीस होता.

जुन्या कर्नेलवर नवी चांचणी नापास झाली. कोणी नापास झाल्याचा इतका निर्भेळ आनंद मला तीस वर्षांच्या अध्यापनांत झालेला नाहीं.

त्या लोकांत तपासणाराचें नांव कामाखालीं लिहिण्याची रीत आहे. त्यानें माझें नांव घालूं का म्हणून विचारलें. जुन्या व नव्या कर्नेलचे दोन्ही निकाल हातीं आल्यावर मीं संमति दिली. सध्यां तो दोन गिगाबाइटांच्या सीमेची चांचणी लिहीत आहे. तिचा पहिला मसुदा परवां आला. सोबत जुन्या कर्नेलचा निकाल होता, न मागतां.