विसण

न्हाणीघराची फरशी उखडली तेव्हाच फवाऱ्याचा प्रश्न निघाला. वस्तुतः तो आईचा प्रश्न होता. खांदा आखडल्यापासून भरलेला तांब्या तिला डोक्यापर्यंत नेववत नाही, आणि दुसऱ्या कुणी अंगावर पाणी घालावे हे तिला मान्य नाही. "जन्मभर मी दुसऱ्यांना न्हाऊ घातलं," एवढे म्हणून तिने विषय मिटवला होता.

आम्ही उभयता परभणीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभे राहिलो. भिंतीवर ताटाएवढे चकचकीत फवारे टांगलेले. याखाली उभे राहिले की पावसात भिजल्यासारखे वाटते, असे दुकानदार म्हणाला. मराठवाड्यातल्या माणसाला पाऊस विकत देऊ करण्यात काही विनोद आहे, हे त्याच्या ध्यानी आले नसावे. बरे, त्या पावसाला दाब हवा. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार भरतो. आमची टाकी स्लॅबवर, फवाऱ्यापासून जेमतेम दीड मीटर वर. म्हणजे पंप बसवल्यावाचून ताटातून पाऊस नव्हे, पागोळ्याच गळणार. त्यात बोअरचे पाणी जड. काळ्या खडकातले क्षार बारीक छिद्रांवर पांढरा थर धरतात. तेव्हा रबरी तोंडे असलेला, अंगठ्याने चोळून साफ करता येईल असाच फवारा घ्यावा, हे दुकानदारानेच पुढे प्रामाणिकपणे सांगितले.

आईचा आक्षेप निराळा होता: पाणी किती जाईल? साधा फवारा मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. पाच मिनिटांत चाळीस-पन्नास लिटर, म्हणजे दोन-तीन बादल्या. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे इथे कुणी विसरलेले नाही. बादलीचा तळ दिसतो. फवाऱ्याला तळ नसतो. बादलीने न्हाणाऱ्या माणसाच्या हातात हिशेब असतो, आणि तो हिशेब सोडायला आई तयार नव्हती.

दुकानात गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या तोटीला 'वॉल मिक्सर' म्हणतात. आमच्या घरात त्या क्रियेला शब्द होता: विसण. कढत पाण्यात घालायचे थंड पाणी. हा शब्द उच्चारताच आम्हांला जनाबाई आठवल्या. त्या याच जिल्ह्यातल्या, गोदाकाठच्या गंगाखेडच्या. त्यांच्या नावावरच्या एका अभंगात जनी न्हायला बसते आणि विसणाला पाणी नसते. ती घागर घेऊन निघते, तर देव तिच्या मागे धावतो. वर्गात हा अभंग शिकताना आणि शिकवताना आमचे सगळे लक्ष त्या धावण्याकडे असे. देवाचे दास्य, भक्ताचा अधिकार वगैरे. विसणाला पाणी नसण्याकडे आम्ही कधी थांबून पाहिलेच नाही. नामदेवांच्या घरी दळणारी, कांडणारी, पाणी भरणारी बाई न्हायला बसते तेव्हा तिच्यापुरतेच पाणी सरलेले असते, आणि त्यासाठी तिलाच उठावे लागते. ही भक्तीच्या आधीची गोष्ट आहे. (अध्यापनाची इतकी वर्षे गेल्यावर ती फवारे विकणाऱ्या दुकानात कळावी, हे काही भूषणावह नाही.)

अखेर हातात धरायचा फवारा घेतला. लवचिक नळीचा, मुठीवर बटण असलेला. दाबले की धार बंद. त्याची खुंटी छातीच्या उंचीवर बसवून घेतली. प्लंबरला ती चूक वाटली, आम्ही बदलू दिली नाही. खाली पाय न घसरणारे प्लास्टिकचे स्टूल. गरम पाणी नळात पोहोचेपर्यंत जे थंड येते ते धरायला आईने जुनी बादली तिथेच ठेवायला लावली. ते पाणी तुळशीला.

पहिल्या दिवशी आम्ही दोघेही दाराबाहेर घुटमळत होतो. पाण्याचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. थांबणेच जास्त वेळ. न राहवून विचारले, "आई, विसण बरोबर झालंय ना?"

"झालंय. दार लोटून घ्या."