तुमचं किती आलं?

साठी उलटली की माणसाचे विषय बदलतात. तरुणपणी नाटक, मधल्या वयात पगारवाढ आणि नंतर बी ट्वेल्व्ह! आमच्या बागेतल्या बाकावर हल्ली 'काय, बरं आहे ना?' असं कुणी विचारत नाही. 'तुमचं किती आलं?' असं विचारतात. शाळेत पस्तिसाच्या वर कधी न गेलेले तात्या 'चारशे दहा' असं सांगतात, ते बोर्डात आल्याच्या थाटात. माझे आले एकशे चाळीस. दोनशेच्या खाली नापास.

"शाकाहारी का?" डॉक्टरांनी विचारलं. इतक्या संशयानं हा प्रश्न मला पूर्वी फक्त कोल्हापुरात विचारला गेला होता. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूधदुभत्यात असतं, पालेभाजीत नाही. म्हणजे चाळीस वर्षं 'खा, ताकद येते' म्हणून ही मला जो माठ वाढत आली, त्यात याचा टिपूसही नव्हता! मी आनंदानं हिच्याकडे पाहिलं, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "पालेभाजीत फोलेट असतं हं. तेही बी गटातलंच." हिची मान ताठ झाली, ती घरी येईपर्यंत तशीच.

या फोलेटच्या शोधाचं मूळ मात्र आपल्या मुंबईत. गिरणीकामगार बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, त्याचा छडा लावायला १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टरीणबाई इंग्लंडहून आल्या आणि यीस्टच्या काळ्या, चिकट अर्कानं त्यांना बरं करून दाखवलं.

बाकी या बी घराण्याचे नंबर म्हणजे पुण्याच्या पेठांतली घरं! एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, नऊ आणि एकदम बारा. मधल्यांनाही एकेकाळी नंबर मिळाले होते. पुढे ती जीवनसत्त्वंच नव्हेत असं ठरलं.

वय झालं की पोटातलं आम्ल आटतं आणि अन्नाला चिकटलेलं बी ट्वेल्व्ह सुटत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या आम्लपित्ताच्या गोळ्याही त्यात अडथळा आणतात. म्हणजे एका गोळीनं केलेला खड्डा दुसरीनं बुजवायचा. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, गोळीत पंधराशे! कारण एवढ्यातला शंभरातला एखादाच भाग अंगी लागतो.

तात्या चारशे दहावरही गोळी घेतात, तारुण्याच्या आशेनं. पुरेसं असणाऱ्याला जादा घेऊन ते येत नाही. उलट बी सिक्स महिनोन्‌महिने भरमसाट घेतलं, तर ज्या मुंग्या घालवायच्या त्याच पायांना येतात.

पण आमच्या अक्कानं मला गप्प केलं. सत्तरीत ती नावं विसरू लागली, चालताना भिंत धरू लागली. घरच्यांनी 'वय झालं' म्हणून सोडून दिलं. सुनेनं हट्टानं रक्त तपासलं, तर बी ट्वेल्व्ह तळाला! इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांत भिंत सुटली, नावं आठवू लागली आणि पाठोपाठ १९८४ साली माझ्या लग्नात कुणी किती आहेर केला तेही. मुंग्या मात्र पुरत्या गेल्या नाहीत. फार दिवस उपाशी राहिलेल्या नसा रुसवा लवकर सोडत नाहीत.

आता ती महिन्याच्या इंजेक्शनला चालत जाते. वाटेत आमच्याकडे थांबून "गोळी घेतलीस का रे?" म्हणून विचारते. "घेतली," मी सांगतो. त्यावर ती पाकीट मागून घेते आणि उरलेल्या मोजते.