रोशा आणि गवती चहा

गवती चहाला आपण चहा म्हणतो खरं, पण चहाच्या झाडाशी त्याचं नातं काडीचंही नाही. ते चक्क गवत आहे. कोकणात त्याला पातीचा चहा म्हणतात, आमच्या शेजारच्या गुजरातेत लीली चा. पावसाळ्यात आलं ठेचून त्यात दोन पाती टाकल्या की झालं!

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. दुकानात लेमनग्रासचं पाकीट बघून विचारत होती, "आजी, हे आपल्या खानदेशातलंच ना गं?" तिला म्हटलं, आपल्या अंगणातलं आहे, पण आपल्या डोंगरातलं नाही. डोंगरातलं आपलं गवत वेगळं. त्याचं नाव रोशा. तिने ते ऐकलंही नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

या सगळ्या सुगंधी गवतांचं शास्त्रीय कुळनाव सिम्बोपोगॉन. ग्रीक भाषेत होडी आणि दाढी या दोन शब्दांची जोडी. भावंडं एका घरातली, वास मात्र प्रत्येकाचा निराळा. गवती चहात सिट्रल असतं, म्हणून लिंबाचा वास. हे गवत मूळचं दक्षिण आणि आग्नेय आशियातलं. त्याला फुलोरा क्वचितच येतो, म्हणून बी मिळत नाही, शेजारणीकडून ठोंबच मागून आणावा लागतो. केरळात याचाच भाऊ तेलासाठी लावतात. त्या तेलातल्या सिट्रलपासून कारखान्यांत अ जीवनसत्त्वही बनवलं गेलं. तिसरं भावंड सिट्रोनेला, श्रीलंका आणि जावाचं. डास पळवायचं तेल ते हेच.

आणि चौथा आपला रोशा. संस्कृतात रोहिष. याच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, म्हणून वास गुलाबाचा! टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईच्या काळात जनरल मार्टिनने बालाघाटात याचं बी गोळा केलं, म्हणून वनस्पतिशास्त्रात याच्या नावापुढे मार्टिनी लागलं. लखनौच्या ला मार्टिनियर शाळा ज्याच्या नावाच्या, तोच हा मार्टिन.

खानदेशात या तेलाला रोशेल म्हणत. 1880 च्या खानदेश गॅझेटियरात त्याची नोंद आहे. साक्री तालुक्यातलं पिंपळनेर, तिकडे नंदुरबार, शहादा, तळोदा हा त्याच्या भट्ट्यांचा मुलूख. फुलोऱ्यावर आलेलं गवत कापायचं, ओढ्याकाठी भट्टी लावायची, हंड्यात गवत आणि पाणी उकळायचं, वाफ नळीतून नेऊन गार करायची. पाण्यावर तेल तरंगे. ओढा जवळ हवा तो वाफ गार करायला.

हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि तिथून तुर्कस्तानात जाई. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. म्हणजे बघा, पिंपळनेरच्या डोंगरातलं गवत बल्गेरियाच्या गुलाबाच्या नावाने मोठ्या लोकांच्या रुमालावर जाऊन बसलं. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्याला नाव दिलं तेही तुर्की जिरॅनियम तेल! त्या बाटलीवर खानदेश कुठेच नव्हता. उन्हात गवत कापणारा तर नव्हताच नव्हता.

मला जास्त विचार पडतो तो या कापणाऱ्यांचा. रोशाचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. मोतियाचं तेल उंची, सोफियाचं हलकं. दिसायला दोन्ही इतके सारखे की वनस्पतिशास्त्रज्ञही नुसतं बघून सांगू शकत नाहीत. पण मोतिया कोरड्या उतारावर विखुरलेला उगवतो, सोफिया सखल ओलसर जागी दाट. जंगलात हिंडणाऱ्याला जागा बघून आणि पात चुरगळून कळतं. हे ज्ञान कुठल्या परीक्षेत विचारलं गेलं नाही. मी इतकी वर्षं शिकवलं, कापूस, केळी, ज्वारी सगळं पाठ्यपुस्तकात होतं, रोशा नव्हता.

माझ्या सासूबाई सांधे दुखले की रोशेल चोळायच्या. खोलीभर गुलाब पसरायचा. आता गुडघे माझे दुखतात, आणि पामरोजा नावाने तेच तेल इवल्याशा बाटलीत मिळतं. मिळतंय याचा आनंदच आहे. नाव तेवढं परकं झालं.

नातीला सांगितलंय, दिवाळीत आलीस की साक्रीकडच्या डोंगरावर जाऊ. माझ्याने चढवलं नाही तर तू चढ, पण पात चुरगळून वास घे. एकदा नाकात बसला की मग पाकिटावर काही का लिहिलेलं असेना.

तुमच्या घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला रोशेल आठवतं का? एकदा विचारून बघा. आणि लवकर विचारा.