तापल्यावरचा फॉल्ट

टेबलावर ठेवला की लागतो, पॉलिहाऊसात टांगला की अर्ध्या तासात विझतो. ग्रो लाइटच्या या एका तक्रारीवरून दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात जेवढी वादावादी होते, तेवढी मजुरीवरूनही होत नाही. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. मला पूर्ण मेलेला दिवा आवडतो: फुगलेला कपॅसिटर, जळलेला मॉस्फेट, तासाभरात निकाल. तापल्यावर मरणारा आणि निवल्यावर उठून बसणारा दिवा मात्र रात्रीची झोप घेऊन जातो.

दिव्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर एलईडीच्या चिपा एका ओळीत एकामागोमाग जोडलेल्या. त्यातल्या एखादीच्या पोटातली केसाहून बारीक तार तुटलेली असते. थंड असताना टोकं टेकलेली असतात. वरचं सिलिकॉन तापून फुगलं की तार उचलली जाते आणि अख्खी ओळ अंधारात जाते. करंट वाहत नाही म्हटल्यावर ड्रायव्हर व्होल्टेज वर ढकलतो, संरक्षण लागून गप्प बसतो, पुन्हा प्रयत्न करतो. ते लुकलुकणं म्हणजे हेच. त्या अंधाऱ्या क्षणी मोजलं तर चोर हाताला लागतो, कारण एरवी लाल चिपवर २ आणि निळीवर ३ च्या आसपास असणारे व्होल्ट आता नसतात. जवळजवळ सगळं व्होल्टेज त्या एकीच्याच दोन टोकांवर उभं असतं.

पण मोजायचं कसं? प्रोब टेकवला की दिवा लागतो! दाबानं तार पुन्हा टेकते. बरं, आतली तार टेकली की चिपखालच्या सोल्डरच्या डागातली भेग मिटली, तेही कळत नाही. डाग पुन्हा वितळवून बघावा, तर ॲल्युमिनियमची पट्टी सगळी उष्णता पिऊन टाकते. खालून तापवल्याशिवाय सोल्डर हलत नाही, आणि एवढं तापवलं की आतली तारही जागची सरकते. दिवा चार दिवस झकास चालतो. दुरुस्ती झाली की पुरावा नष्ट झाला, हे पाचव्या दिवशी कळतं.

या फॉल्टसाठी माझी भिस्त डोळ्यांवर होती. विझण्याआधी दोषी चिप किंचित फडफडते, ती मी काळी काच धरून टिपायचो आणि गिऱ्हाइकासमोर बोट ठेवून सांगायचो, ‘ही.’ मीटर न लावता. त्या ‘ही’चा मला फार अभिमान होता. गर्दी असली तर मुद्दाम थोडा वेळ घ्यायचो, सगळ्यांनी बघावं म्हणून.

मग उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा अजून बाकी आहे. आता डावा झाकला तर ४५० नॅनोमीटरची निळी चिप लखलखीत दिसते आणि उजवा झाकला तर तीच मळकट. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं होतं आणि निळा प्रकाश आत येण्याआधीच गाळतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. ज्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, तो निळा मी कित्येक वर्षं गाळून बघत होतो. आणि ६६० नॅनोमीटरचा गडद लाल, ज्यावर झाडाची भूक भागते, तो तर तरुण डोळ्यालाही मंदच दिसतो. लक्स मीटरही डोळ्याच्याच मापानं बनवलेलं, त्यामुळे तेही इथे कुचकामी.

सध्या भाची माझ्याकडे शिकते. तिनं ओळीच्या मधोमध आणि दोन्ही टोकांना तांब्याच्या रेघेवर बारीक वायरी डागल्या, दिवा त्याच्याच पेटीत बंद केला आणि तापू दिला. विझल्यावर हात न लावता बाहेरून मोजलं. व्होल्टेज कुठल्या अर्ध्या भागात साठलंय ते कळलं की त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. ‘मामा, बोट लावायचंच नाही ना, मग दबेल कशाला?’ एवढंच म्हणाली. गिऱ्हाइकांना मी ही ‘आमची पद्धत’ म्हणून सांगतो. ती ऐकते आणि हसते.

आमच्या लाईनीतले बरेच जण शोधतच नाहीत. संशय आला त्या चिपवर सोल्डरचा थेंब टाकून जंपर मारतात. एकच ओळ असेल तर निभतं. दोन ओळी समांतर असल्या की जंपरची ओळ जास्त करंट ओढते, जास्त तापते आणि महिनाभरात तिथली पुढची चिप जाते. मग तिच्यावरही जंपर. असे दिवे माझ्याकडे येतात तेव्हा सोल्डरचे थेंब बघून कुणाचं काम आहे ते मला ओळखता येतं. बुधवार पेठेत ड्रायव्हर आयता मिळतो म्हणून सरसकट ड्रायव्हर बदलणारेही आहेत. त्यांचं बिल मोठं आणि फॉल्ट जागच्या जागी.

दिवा बिघडलाय हे शेतकऱ्याला उशिरा कळण्याचं कारण झाडात आहे. शेवंती रात्र लांबली की कळी धरते, म्हणून दांडा वाढेपर्यंत रात्र मधेच तोडायला दिवे लावतात. त्यासाठी सलग उजेड लागत नाही. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, असंही भागतं. लुकलुकणारा दिवा शेवंती निमूट चालवून घेते. तो कायमचा गेला की मग आखूड दांड्यावर कळ्या येतात आणि बाजारात त्या फुलाला भाव नसतो.

चिपा मरण्याचं एक कारण खुद्द पॉलिहाऊसात असतं. भुरी रोगावर गंधकाची धुरी देतात. चिपच्या तळाला चांदीचा मुलामा असतो, सिलिकॉन गंधकाची वाफ अडवत नाही, आणि चांदी काळी पडते कशी ते देवघरातल्या निरांजनाला विचारा. उजेड आधी उतरतो, तार नंतर सुटते.

तेव्हा दिवा आणाल तर नुसती पट्टी आणू नका, पेटी आणि ड्रायव्हरसकट आणा. किती वेळानं विझतो ते घड्याळ लावून बघून या. गंधक जाळत असाल तर आधी सांगा, लपवू नका. आणि जंपर मारून घेतला असेल तर तेही सांगा. तसा तो मला दिसणारच आहे.